गिअरची दांडी कमूच्या हातात

थांबा मित्रांनो, बॉनेटवर लगेच चढू नका. दुपारचा पत्रा आहे, पाय पोळतील. मागून या, तिथे बाकावर चिंचेची सावली पडते. मी किती जुनी जीप आहे ते वेगळं सांगायला नको. माझ्या डाव्या दिव्यात गांधीलमाश्यांनी घर केलं आहे, चाकांतून टाकळा उगवला आहे, आणि माझा मूळचा रंग कोणता यावरून कालच तुमची भांडणं झाली. हिरवा होता, बरं का. उगाच एकमेकांच्या झिंज्या ओढू नका.

माझा जन्म शहरातल्या कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. दोन मालकांनी वापरून कंटाळा आल्यावर मला जव्हारच्या रस्त्याला आणून विकायला उभं केलं, तेव्हा दाभोशाच्या जैतूने मला घेतलं. त्याने आधी माझ्याभोवती तीन फेऱ्या मारल्या, मग बॉनेटवर दोन थापा मारल्या आणि म्हणाला, "चल बाय." त्या दिवसापासून रोज सकाळी दोन थापा आणि 'चल बाय' हे ऐकल्याशिवाय मी कधी सुरू झाले नाही. लोक म्हणायचे, जैतूची जीप नखरेल आहे. असेना का! एवढा मान तर गाडीलाही हवाच असतो.

जव्हार, मोखाडा, खोडाळा, आणि वाटेत हात दाखवील तो पाडा, अशी माझी वाट. कागदावर माझ्यात नऊ माणसं बसायची. प्रत्यक्षात किती बसायची ते मी सांगणार नाही, जैतू अजून गाडी चालवतो. नागलीची पोती, कोंबड्या, शाळेतल्या बाई, नवरीमुलगी आणि तिचं अख्खं वऱ्हाड, ताप भरलेली पोरं, बाजारातलं सुकट, सगळं मी वाहिलं. सुकटाचा वास तर अजून माझ्या बाकांना आहे. पोशेऱ्याच्या चढावर भल्याभल्या नव्या गाड्या धापा टाकत उभ्या राहायच्या आणि मी पहिल्या गिअरमध्ये गुरगुरत त्यांच्या शेजारून निघून जायचे. तेव्हा आतली माणसं मला शाबासकी द्यायची. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं.

आता माझी एक खोड सांगते, कारण पुढची सगळी गोष्ट तिच्यावर उभी आहे. माझं कुलूप झिजून गेलं होतं. त्यात कोणतीही किल्ली घातली, अगदी कपाटाची घातली, तरी मी चालू व्हायचे. मग जैतूने एक युक्ती केली. घरी गेला की तो माझ्या गिअरच्या बुडाशी असलेली टोपी दाबून फिरवायचा, दांडी उपसून काढायचा आणि सरळ काखेत मारून घरात घेऊन जायचा. दांडी नसली की इंजिन कितीही ओरडू दे, गाडी जागची हलत नाही. किल्ली तो खुशाल माझ्यातच लटकती ठेवायचा. लोकांना वाटायचं, जैतू विसराळू आहे.

दिवाळी सरली, भात झोडून झालं, की पाड्यापाड्यांतली घरं बंद व्हायला लागायची. इथे हाताला काम नसायचं, म्हणून माणसं भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जायची. मीच त्यांना न्यायचे. टोपली, तवा, गोधड्या, पायाला दोरी बांधलेल्या कोंबड्या आणि मांडीवर पोरं. जाताना कोणी गाणी म्हणत नसे. वैशाखात परत येताना म्हणत.

त्या माणसांत चिंचपाड्याची पुष्पा असायची. तिचा नवरा मंगेश, सासू माघी, आणि मुलगी कमू. पुष्पा बोलायला फटकळ, पण गाडीत म्हातारं माणूस चढलं की सगळ्यात आधी हीच उठायची. कमू मला 'हिरवी' म्हणायची. ती खिडकीतून बाहेर बघायची नाही. ती जैतूचा हात बघायची, दांडी पुढे कधी जाते आणि मागे कधी येते ते.

ही सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. कमू सात वर्षांची होती, माणसं भट्टीवर होती, आणि गावात सरपंचाची निवडणूक लागली. तेव्हा हरेश उभा होता. हरेश दिसायला रुबाबदार, बोलायला साखर. "मला निवडून द्या, इथंच रोजगार हमीची कामं काढतो, कुणाला भट्टीचं तोंड बघावं लागणार नाही," असं तो सांगायचा. त्याने तीन दिवसांसाठी मला ठरवलं. माझ्या टपावर भोंगा बांधला, पुढे झेंडे लावले. मी फुलून गेले होते, हे कबूल करते.

मतदानाच्या दिवशी पहाटे जैतू आणि मी भट्टीवर गेलो. हरेशच्या माणसाने निरोप दिला होता, मत टाका, संध्याकाळी ह्याच गाडीने परत. आता भट्टीवरच्या झोपडीला दार नसतं, कुलूप नसतं. भांडी आणि कोंबड्या कोणाच्या भरवशावर टाकायच्या? माघीलाही मत द्यायला नेलं होतं. एक दिवसाचाच तर प्रश्न होता. म्हणून पुष्पाने कमूला शेजारच्या सुनिताकडे सोपवलं आणि सांगितलं, "कोंबड्यांकडं बघ गं. दिवस बुडायच्या आत येतंय मी."

दिवस बुडाला. सगळी मतं टाकून शाळेच्या ओट्यावर बसली होती. जैतू हरेशकडे विचारायला गेला. हरेश म्हणाला, "अरे, ती माणसं कुठं पळून जातात का? उद्या सोडू. गाडी मला लागते." दुसऱ्या दिवशी मोजणीला जायचं होतं. तो निवडून आला आणि तिसऱ्या दिवशी मिरवणूक निघाली. जैतूने एकदाच तोंड उघडलं, "साहेब, एकीची पोर तिकडं एकटी हाय." हरेशने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि हसला. जैतू गप्प बसला. मित्रांनो, तो वाईट माणूस नव्हता. तो भित्रा होता, आणि त्या दिवशी दोन्हीत काही फरक पडला नाही.

मी गुलालात न्हाऊन गावभर फिरले. शाळेवरून गेले तेव्हा पुष्पा ओट्यावर उभी होती. तिने हाक मारली नाही. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. ढोलांच्या आवाजात माझा हॉर्नसुद्धा कोणाला ऐकू आला नसता.

चौथ्या दिवशी आम्ही भट्टीवर पोचलो. शेवटच्या वळणावर कमू उभी होती, काखेत एक कोंबडी घेऊन. सुनिता म्हणाली, "पोर जेवायपुरती झोपडीत येते, नायतर हितंच उभी." पुष्पा गाडी थांबायच्या आत उतरून धावली. पण कमू आईकडे गेली नाही. ती माझ्याकडे आली. तिने माझ्या बॉनेटवर हात ठेवला, तो उचलून लाल झालेला तळवा बघितला आणि माझ्याकडे बोट दाखवून जैतूला विचारलं, "मामा, ही कुठं गेली होती?"

जैतू फडक्याने माझ्यावरचा गुलाल पुसायला लागला. मी काय सांगणार? माझ्या लांबच लांब आयुष्यात मला एकदाच जीभ हवी होती, ती तेव्हा. त्या दिवसानंतर कमूने मला हिरवी म्हणणं सोडलं. आणि जैतूने पुन्हा कधी माझ्यावर कोणाचा झेंडा बांधू दिला नाही.

पाच वर्षं गेली. हरेशची कामं कागदावर निघाली म्हणतात, पाड्यात काही पोचली नाहीत. माणसं दर साल भट्टीवर जात राहिली. पुष्पाला एक मुलगा झाला, बाळ्या. मग गेल्या वर्षीच्या पौषात पुन्हा निवडणूक आली. पुन्हा हरेश, आणि त्याच्यासमोर जयश्रीताई, मागच्या वेळी त्याच्याकडून हरलेली. बचत गटाचं काम बघणारी, आवाजाने मोठी, रागाला लवकर येणारी. दोघंही भट्टीवर येऊन गेले. हरेशने मुलांना बिस्किटं वाटली. जयश्रीताईने वाटलं काही नाही, पण तिनेही तेच सांगितलं, इथंच कामं काढीन.

मतदानाच्या आधीच्या रविवारी जैतू मला घेऊन भट्टीवर गेला होता, घरचं नागलीचं पीठ पोचवायला. माणसं माझ्याभोवती जमली. कोणी माझ्या पायरीवर बसलं, कोणी टपावर हात टेकून उभं राहिलं, आणि असा वाद पेटला की विचारू नका.

म्हातारा पोश्या म्हणाला, "कोनाला पन टाका, सारखंच. मी तर जायाचाच नाय."

"नाय गेलं तर कोण निवडून येल?" मंगेशने विचारलं.

"येल तो येल. आपल्याला हितंच विटा थापायच्या."

"दोघं पन गाडी पाठवतो म्हणतात," कोणीतरी मागून बोललं. "हरेशची मोठी हाय, पडदे हायत तिला."

पुष्पा इतका वेळ पीठ चाळत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "जायाचं. पन कोनाच्याच गाडीत नाय. आपली आपण गाडी करू. आणलं त्यानं की त्याचं ओझं होतं, मंग सरळ डोळ्यानं बघता येत नाय त्याच्याकडं."

"आणि मत कोनाला?"

"ते मला पन ठाव नाय," पुष्पा म्हणाली. "भरवसा मला कोनाचाच नाय. पन म्हणून डोळं मिटून बसू काय? तिथं जाऊन बघू."

सगळ्यांनी मिळून गाडी ठरवली. कोणती गाडी? मीच! जैतू तयार झाला, आणि पुष्पाने मान हलवली, पण तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी बघितलं. मला वाईट वाटलं नाही. कमावलं होतं मी ते.

निघायच्या आदल्या दिवशी बाळ्याच्या अंगावर कांजिण्या उठल्या. पौषाच्या वाऱ्यात त्याला नेता येईना. माघी म्हणाली, "मी राहते त्याच्याकडं. इतकी साल मतं टाकली, एक नाय टाकलं तर काय आभाळ पडतंय?" पण चार वर्षांच्या बाळ्याने कमूचा हात घट्ट धरून ठेवला होता. कमू आता बारा वर्षांची होती. तिला काहीही करून आईबरोबर जायचं होतं, कारण ह्यावेळी आई परत निघते की नाही ते तिला स्वतः बघायचं होतं. तिने बाळ्याला सांगितलं, "आजच येणार. दिवस बुडायच्या आत." तेच शब्द तिने एकदा ऐकले होते.

आम्ही दहाच्या सुमाराला शाळेपाशी पोचलो. ह्याच चिंचेखाली जैतूने मला उभं केलं. बायकांची रांग फाटकापासून विहिरीपर्यंत गेली होती. उतरताना पुष्पाने हात पुढे केला. "जैतूभाऊ, किल्ली कमूकडं दे. मतं टाकून होईपर्यंत ती गाडीत बसेल. किल्ली तिच्याकडं, म्हंजे गाडी आमच्याकडं."

जैतूने किल्ली काढून दिली. कमूने ती फ्रॉकच्या गाठीत बांधली. पुष्पा वळली, चार पावलं गेली. जैतू तिथेच उभा राहून पायाने माती उकरत होता. मला माहीत होतं त्याच्या मनात काय चाललं आहे. गप्प राहिला असता तर कोणाला काही कळलं नसतं.

"पुष्पा," त्याने हाक मारली. "त्या किल्लीनं काय होत नाय. हिला कपाटाची किल्ली पन चालते. मागल्या वेळी पन किल्ली माझ्याकडंच होती. गाडी मीच चालवली."

पुष्पा चार पावलं मागे आली. जैतू आत वाकला, टोपी दाबून फिरवली, दांडी उपसली आणि कमूच्या मांडीवर ठेवली. "ही घेऊन बस. कोनी मागितली तरी देऊ नको. मी मागितली तरी नाय." कमूने दांडीवरचा काळा गोळा हाताने पुसला. इतकी वर्षं ती जिच्याकडे बघत आली होती ती दांडी तिच्या हातात होती. पुष्पा रांगेत जाऊन उभी राहिली.

साडेअकराला हरेश आला. त्याची पडद्यांची गाडी वरच्या पाड्याच्या चढावर बंद पडली होती. तिथे त्याची बरीच मतं होती, आणि त्या चढाला मीच लागते हे सगळ्या तालुक्याला ठाऊक. तो जैतूला म्हणाला, "दोनच फेऱ्या मार." जैतू म्हणाला, "दांडी माझ्याकडं नाय, साहेब." हरेशला आधी गंमत वाटली. मग तो माझ्याजवळ आला, दारावर टेकला आणि गोड आवाजात बोलला, "बाळ, दे बघू ती. वर एक म्हातारी आजारी आहे. दहा मिनिटांत परत."

"नाय," कमू म्हणाली.

"चॉकलेट देऊ?"

"नाय."

"कोणाची गं तू? मंगेशची ना?" त्याचा आवाज बदलला. "तुझ्या बापाला उद्या माझ्याकडेच यायचं आहे दाखल्यावर सही घ्यायला. माहीत आहे ना?" आणि त्याने दांडी धरून ओढली. कमूने ती दोन्ही हातांनी छातीशी आवळली. ती बाकावरून खाली घसरली, पण सोडली नाही. जैतू मध्ये आला. मी सांगते तुम्हाला, मागच्या वेळी खांद्यावर हात ठेवल्यावर गप्प बसलेला जैतू ह्यावेळी मध्ये आला आणि म्हणाला, "पोरीला हात लावायचा नाय." रांगेतल्या माना वळल्या. हरेशने हात सोडला, इकडेतिकडे बघितलं आणि मोठ्याने हसला. "अरे, गंमत केली पोरीची!" गंमत कमूच्या मनगटावर लाल उमटली होती.

अर्ध्या तासाने जयश्रीताई आली, घामाघूम, पदर कमरेला खोचून. वरच्या पाड्यावर तुका म्हातारा आणि त्याची बायको तिची वाट बघत बसली होती, दोघांनाही उतार झेपत नव्हता. तीही सरळ कमूकडे आली. "पोरी, दे ती दांडी. एक फेरी. दोन म्हातारी माणसं आणायची हायत."

"नाय," कमू म्हणाली.

"अगं, मी काय पळवून नेते काय गाडी?" ताई चिडली. आवाज चढला तिचा. चांगलाच चढला. "एवढीशी तू आणि मला नाय म्हणतेस? का नाय?"

कमू घाबरली होती, पण बोलली. "मागल्या वेळी पन दिवस बुडायच्या आत सांगितलं होतं. मी चार दिस उभी होती. आता बाळ्या बसलाय तिकडं."

ताई माझ्या पायरीवर बसली. पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "तेव्हा मी बघितलं होतं तुझ्या आईला. त्या ओट्यावर. मी हरले होते, राग होता मला. त्याच्या गाडीनं आलीत, त्यानंच न्यावं, असं बोलले आणि तोंड फिरवून गेले." तिने कमूचं मनगट बघितलं, पण ते कशाने झालं ते विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. "बरं. नाय तर नाय," म्हणत ती उठली आणि वरच्या पाड्याची वाट चढायला लागली. पायीच. तुका म्हातारा काही त्या दिवशी मतदानाला पोचू शकला नाही. तिची ती दोन मतं गेली ती गेलीच.

कमू मग दांडी खांद्यावर टाकून फाटकाकडे धावली. फाटकावरच्या पोलिसाने तिला अडवलं. "हे काय आणलंस गं?"

"गाडी," कमू म्हणाली.

पोलिसाने एकदा दांडीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि काय समजायचं ते समजून घेतलं. "गाडी बाहेर ठेवून आत जायचं," तो म्हणाला. पण तेवढ्यात पुष्पाच रांगेतली जागा सोडून बाहेर आली. तिने लेकीचं मनगट हातात घेतलं. दोघी माझ्या आडोशाला उभ्या राहिल्या आणि कमूने सगळं सांगितलं, आधी हरेशचं, मग ताईचं. ताई ओरडली तेही सांगितलं, काही लपवलं नाही. मग पुष्पा पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली, दीड तास.

तीनला सगळी माणसं परत आली. बोटांना शाई होती. कमूने दांडी बसवली, जैतूने फक्त टोपी फिरवली. दोन थापा, चल बाय, आणि आम्ही निघालो. किती सरळ गोष्ट! माणसांना जिथून आणलं तिथे परत न्यायचं. मला मात्र गुलालाच्या मिरवणुकीपेक्षा तो रस्ता मोठा वाटला.

वाटेत पोश्याने विचारलंच. तोही शेवटी आला होता, बरं का. "मंग पुष्पा, काय बघितलंस तिथं जाऊन?"

पुष्पा म्हणाली, "मागायला आल्यावर सगळीच गोड असतात. नाय म्हटल्यावर कोन कसं वागतं ते बघितलं."

"आणि ताई उद्या फिरली तर?"

"फिरेल पन. मी कुठं म्हणते नाय फिरणार? पन तिच्या दारात जाऊन तिला नाय म्हणता येल. बारा वर्सांच्या पोरीचं ऐकून घेतलं तिनं. त्याच्या दारात ती सोय नाय." मग ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तेवढंच हातात हाय आपल्या. पन हाय ते हाय."

भट्टीच्या शेवटच्या वळणावर माघी बाळ्याला चादरीत गुंडाळून बसली होती. ऊन अजून भट्टीच्या माथ्यावर होतं. कमू गाडी थांबायच्या आत उतरली आणि ओरडली, "बाळ्या, बघ, आजच आली!" बाळ्याला ते काही विशेष वाटलं नाही. आजच येणार असं सांगितलं होतं, आणि आजच आली होती. कमूने मात्र वळून माझ्या बॉनेटवर हात ठेवला, उचलून तळवा बघितला. नुसती धूळ होती. "हिरवी दमली," ती जैतूला म्हणाली. मित्रांनो, पाच वर्षांनी मला माझं नाव परत मिळालं.

जयश्रीताई निवडून आली, मोजक्याच मतांनी. नंतरचं सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही. गेल्या दिवाळीनंतरही कामं निघेनात. ताई म्हणाली, कागद वर अडकला आहे. पुष्पा बायकांना घेऊन ग्रामसभेत गेली आणि म्हणाली, "हे आमी ऐकणार नाय." ताई चिडली, आवाज चढवला, दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ती स्वतः तालुक्याला जाऊन बसली, आणि मार्गशीर्षात डोंगरउताराला दगडी बांधांचं काम निघालं. सगळ्यांना पुरलं नाही. काही घरं भट्टीवर गेलीच. पण पुष्पाचं घर ह्या वर्षी बंद झालं नाही.

माझ्या फेऱ्या कमी झाल्या. भट्टीची माणसं कमी म्हणजे जैतूला भाडं कमी. तशात माझं इंजिनही थकलं, एकदा पोशेऱ्याच्या चढावर मी उभी राहिले ती राहिलेच. जैतूने लहानशी नवी गाडी घेतली आणि मला इथे शाळेजवळ आणून ठेवलं. पहिले काही दिवस तो रोज येऊन दोन थापा मारून जायचा. आता कधीमधी येतो. मला एकटं वाटतं, नाही म्हणत नाही. पण ज्या कामाला मी माणसांना न्यायचे त्या कामाची त्यांना आता तेवढी गरज पडत नाही, म्हणून मी रिकामी उभी आहे, हे आठवलं की गंज थोडा कमी टोचतो.

माझी दांडी जैतूने कमूला देऊन टाकली. ती तिच्या घरी खुंटीला आहे. तुमच्याकडे माझं मागणं थोडंसंच आहे. चाकांतला टाकळा उपटा, पावसाळ्याआधी टपाच्या भोकांवर काहीतरी टाका, गांधीलमाश्यांना राहू द्या. आणि तुम्ही मोठे झालात की तुम्हालाही कोणी न्यायला येईल, पडद्यांच्या गाडीतून, गोड बोलत. तेव्हा भरवसा वाटला नाही तरी घरी बसू नका. त्याला एकदा नाही म्हणून बघा, आणि तो काय करतो ते नीट बघा.

अरे, तो बघा बाळ्या आला, दांडी घेऊन! शाळा सुटली की कमू त्याला ती खेळायला देते. तो माझ्या सीटवर बसतो, तुम्हा सगळ्यांना मागे कोंबतो आणि तोंडाने घुर्र करत तुम्हाला भिवंडीला नेतो. मग तुम्हाला कंटाळा येतो, तुम्ही उतरून पळायला लागता, पण तो कोणाला उतरू देत नाही. एकेकाचं नाव घेऊन विचारतो, तुझं घर कुठलं, आणि दांडी ओढून प्रत्येकाला त्याच्या दारात सोडतो. सगळे घरी पोचल्याशिवाय त्याचा खेळ संपत नाही. चला, बसा आता. तो सुरू करतोय.